मामूचा हात आणि दोन घड्याळं

एखाद्याचा हेवा करायचा तर त्याच्याजवळ निदान हेवा करण्यासारखं काही असावं, असा साधा नियम आहे. आमच्या मामूजवळ काय होतं? घंटी नसलेली सायकल, दोन पांढरे कुर्ते, सोन्याचा म्हणून सांगितला जाणारा पण पितळेचाच असावा असा मला आजही संशय असलेला एक दात, आणि एक उजवा हात. एवढ्या इस्टेटीवर त्या माणसानं मला एकवीस वर्षं जाळलं.

दिग्रसला कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये मी काटेवाला होतो. म्हणजे आलेल्या गाड्यांचं वजन करणारा. माझा काटा चाळीस टनांचा होता आणि इतका नाजूक की माशी बसली तर तिचा बसण्याचा इरादा किती पक्का आहे तेसुद्धा दाखवायचा. एकदा एक जण काट्यावर उभा राहून खोटं बोलला, तर जागच्या जागी दीड किलो वाढला. आणि मामू तिथला ग्रेडर. कापसाची गाडी आली की तिच्यात हात घालायचा आणि माल कोणत्या दर्जाचा ते सांगायचं. बस्स. ना यंत्र, ना तराजू, ना चष्मा. त्याचं खरं नाव हजेरीबुकात होतं, पण मालकापासून मालकाच्या आईपर्यंत सगळे त्याला मामूच म्हणत. तो मात्र उलट फक्त मला ‘भाचे’ म्हणायचा. दुसऱ्या कोणाला नाही. मला खाली दाखवायची ती त्याची रीत आहे, अशी माझी ठाम समजूत होती.

गाडी आली की शेतकऱ्याचा पहिला रामराम मामूला. अरे, तुझ्या वर्षभराच्या पिकाचं वजन मी करणार, आणि रामराम त्याला? चहा आला की कान असलेला कप मामूपुढं, कान तुटलेला माझ्यापुढं. शेवटी मी स्वतः बाजारातून अर्धा डझन धड कप आणले. आठ दिवसांत पाचांचे कान तुटले. उरलेला सहावा कोणाकडे जात असेल ते सांगत नाही, माझं डोकं फिरतं.

पण हाताचं सांगायलाच हवं. बाही वर चढवून तो खांद्यापर्यंत हात गाडीत खुपसायचा, हनुवटी कापसावर टेकवायचा आणि डोळे मिटायचा. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारा उभ्या उभ्या झोपला. ती वर्षं अशी होती की कापसापायी आमचा जिल्हा रोज पेपरात यायचा. भाव मातीत गेलेला. आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून लोक कापूस विकत नसत, घरात कोंबून ठेवत. स्वयंपाकघरात कापूस, देवघरात कापूस. माणसं कापसावरच झोपायची आणि दिवसभर अंग खाजवायची. आणि मामू गाडीत हात घालून सांगायचा, हा कापूस घरात कुठं होता.

एकदा आर्णीकडचे एक पाटील माल घेऊन आले. मामूनं हात घातला, डोळे मिटले.

“पाटील, घरी कोन आजारी हाय?”

“काहून, मामू?”

“कापसाले बामाचा वास येऊन राह्यला.”

पाटील गाडीवरून उतरलेच. “माय हाय आमची. कमरेनं पडली, दोन महिने झाले.”

“मंग तिले या कापसावर नोका झोपवू. वरून कोरडा हाय, मधातून तुम्ही पानी मारलं. कमर अजून धरन बुढीची.”

वजन वाढावं म्हणून मध्ये पाणी मारायची युक्ती चव्हाट्यावर आली, दर्जा एका पायरीनं उतरला, रांगेतले सगळे हसले. आणि पाटीलही हसत हसत मामूचे दोन्ही हात धरून गेले. मी त्यांचं वजन किलोला किलो बरोबर केलं होतं. मला कोणी ‘येतो’ म्हणून पण म्हटलं नाही.

घड्याळ त्यानं आयुष्यात बांधलं नव्हतं. त्याला एक कारणही होतं. आमच्या फाटकावर खणाखणांची एक लाकडी पेटी होती. किल्ल्या, नाणी, काडेपेटी, घड्याळ, जे काही अंगावर असेल ते आत जाण्याआधी त्या पेटीत काढून ठेवायचं. लोखंडाचा एवढासा तुकडा कापसाबरोबर मशीनमध्ये गेला की ठिणगी पडते, आणि ठिणगी पडल्यावर सरकी काढलेल्या रुईचं काय होतं हे सांगायला रुई उरत नाही, कधी कधी माणसंही उरत नाहीत. म्हणून आतला प्रत्येक ढीग मशीनवर न्यायच्या आधी त्यात शेवटचा हात मामूचा. बाया टोपल्या घेऊन थांबायच्या. मामू ढिगाभोवती फिरत पाच-सहा ठिकाणी हात घालायचा आणि “करा बिस्मिल्ला” म्हणायचा, तेव्हा पहिली टोपली भरायची. त्या हाताला खिळे सापडले, विळ्याची पाती सापडली, जोडवी सापडली, एका सरपंचाचा हरवलेला चष्मा सापडला. एकदा जिता विंचू निघाला, तो मामूच्या तळहातावरून उतरून माफी मागून निघून गेला. चोवीस वर्षांत आमच्याकडे एक ठिणगी पडली नाही. ही एकच गोष्ट मामू स्वतःच्या तोंडानं सांगायचा, तीही कोणी विचारलं तरच. “चोवीस सीझन. एक बी नाही.” आणि मग तो दात दाखवायचा.

वेळ सांगायची झाली तर तो चिमूटभर कापूस उचलायचा. सकाळचं दव किती उडालं, किती राहिलं, त्यावरून सांगायचा, “सव्वाअकरा.” मी धावत फाटकावर जाऊन पेटीतलं माझं लग्नातलं घड्याळ पाहायचो आणि आनंदानं ओरडायचो, “नऊ मिनिटांनी चुकले, मामू!” मग स्टँडवर अकरा वीसची पुसद गाडी लागल्याचा भोंगा ऐकू यायचा आणि कळायचं की नऊ मिनिटं मागं माझं घड्याळ आहे.

तर असा हा मामू. आणि त्या वर्षी मालकानं ठरवलं की हा शेवटचा सीझन, जिनिंग बंद. त्यांचे जावई दुबईत. त्यांनी सासऱ्याला दोन घड्याळं पाठवली होती. एकेकाच्या किमतीत तेव्हा दिग्रसात घर यायचं, असं मालक म्हणाले, मी चारशे माणसांना दोन-दोन घरं म्हणून सांगितलं. मालकानं आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं, मखमली डबे उघडले आणि म्हणाले, “मी हे बांधून कोनाले दाखवू? तुम्ही दोघं माह्याजवळ सगळ्यात जुने. एक एक घ्या. मामू वयानं मोठे, त्यांनी आधी निवडायचं. उरलं ते काटेवाल्याचं.”

उरलं ते! जन्मभर मी उरलेल्या कपात चहा प्यालो, आता उरलेलं घड्याळ बांधू?

एक होतं क्रोनोग्राफ. मोठ्या तबकडीच्या पोटात तीन लहान तबकड्या, म्हणून आम्ही त्याचं नाव ठेवलं तिघाडा. त्याचा मोठा सेकंदकाटा बाराच्या आकड्यावर गप्प उभा असायचा. बाजूचं बटण दाबलं की धावू लागायचा, पुन्हा दाबलं की थांबायचा. मधल्या वेळात किती मिनिटं, किती तास गेले ते लहान तबकड्या सांगायच्या. मालक म्हणाले, हे मोटारींच्या शर्यती मोजायला असते.

“आपल्याकडची मोटार निस्ती चालू झाली तरी शर्यत जिंकल्यावानी हाय, मालक,” मामू म्हणाला.

दुसरं होतं समुद्रात बुडी मारणाऱ्यांचं. जाडजूड, भोवती फिरणारं कडं, अंधारात हिरवे चमकणारे आकडे. ते पाणबुडं. तीनशे मीटर खोल पाण्यात चालतं म्हणे.

मामूनं ते हातात तोललं. “तीनशे मीटर पानी असतं, तं आपन जिनिंग कायले बंद करून राह्यलो असतो?” मग दोन्ही घड्याळं टेबलावर ठेवून म्हणाला, “मालक, माल पाह्यल्याबिगर म्या कधी दर्जा नाही सांगितला. सीझन सरेपर्यंत द्या. एक हप्ता हे बांधतो, एक हप्ता ते.”

मालक हसून हो म्हणाले. म्हणजे दोन्ही घड्याळं मामूच्या मनगटावर आळीपाळीनं, आणि मी दोन महिने नुसता पाहत.

माझ्या मनाची एक गंमत सांगतो. मामूनं तिघाडा बांधला की मला वाटायचं, घड्याळ असावं तर असं. हा गेला तर मी जगून काय करू? पुढच्या सोमवारी तो पाणबुडं बांधून यायचा आणि मला तिघाडा एकदम फुटकळ वाटायला लागायचा. मी डाव टाकायला सुरुवात केली. “मामू, पाणबुडं तुमच्या हाताले काय शोभते!” असं म्हणायचो, म्हणजे त्यानं पाणबुडं घ्यावं. तो मनगट वर करून बघायचा आणि मीही बघायचो आणि ते खरंच शोभत असायचं. मग मी घरी जाऊन जेवत नसे. बायकोनं एकदा कारण काढून घेतलंच.

“इतका कायले जीव जाळता? कोन्तंही घ्या. तुमच्या हातात दोन्ही घोरपड चिपकल्यावानीच दिसतीन.”

घरातून हा पाठिंबा.

मामूनं पाणबुड्याची परीक्षा घ्यायची ठरवली. पण खोल पाणी आणायचं कुठून? आमच्याकडच्या विहिरीत दोर सोडला की आधी बादलीचा आवाज यायचा आणि मग बादलीच्या मालकाचा. शेवटी एका ओळखीच्या शेतकऱ्याची तीनशे फुटांची बोअर निघाली. घड्याळाला सुतळ बांधून आत सोडलं. निम्मं दिग्रस जमलं होतं. स्टँडवरच्या दोन गाड्या ड्रायव्हर इथं असल्यामुळं सुटल्या नाहीत. सुतळ संपली. मामूनं वर ओढलं. घड्याळावर बोटभर धूळ. मामूनं कानाला लावलं.

“चालू हाय. पानी काही भेटलं नाही त्याले.”

बोअरवाला म्हणाला, “मामू, तुमचं घड्याळ पास झालं, माही बोअर नापास झाली.” आणि सगळ्यात मोठ्यानं तोच हसला.

तिघाड्याची परीक्षा मात्र मामूनं कोणाला सांगितली नाही. ती मीच पकडली. फाटकाबाहेर माझ्या काट्याजवळ गाडी उभी राहायची. मामू उजवा हात गाडीतून काढायचा, दर्जा सांगायचा, आणि त्याच क्षणी बटण दाबायचा. समोरचा माणूस काही बोलेपर्यंत काटा धावायचा. माणूस ‘बरं’ म्हणाला की पुन्हा बटण. दर्जावर भाव, आणि भावावर पुढचं वर्ष, त्यामुळं ऐकल्यावर जो तो आधी गप्पच व्हायचा. मामू मला हळूच सांगायचा, “भाचे, हा एक मिनिट चाळीस.” “हा पावनेतीन.” एक जण तर बोललाच नाही. बैल वळवले आणि भरली गाडी तशीच परत घेऊन गेला. मामू त्या वळणाकडे पाहत होता आणि काटा धावत होता. दुपारी जेवतानाही धावत होता. संध्याकाळी मी विचारलं, “मामू, बंद करा की आता.”

“त्याचं बोलनं कुठी झालं अजून,” मामू म्हणाला.

तो माणूस तिसऱ्या दिवशी परत आला, “बरं” म्हणाला, तेव्हाच मामूनं बटण दाबलं.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी सायकल हातात धरून मामू माझ्याजवळ थांबला. “भाचे, ठरलं माहं. तिघाडा घेतो.”

मी विचारलं, “काहून?”

“या हाताले सगळं समजते. ओलं, कोरडं, बाम, धूर. पन मानसाचं गप्प बसनं कितीक वजनाचं असते, ते नाही समजे. हे घड्याळ सांगते.”

एखाद्या भल्या माणसाला हे ऐकून काहीतरी वाटलं असतं. मला एवढंच वाटलं, की झालं! आता तिघाडा गेला, आणि मला तिघाडाच हवा होता. म्हणजे त्या क्षणापासून तोच हवा होता.

दुसऱ्या दिवशी शेवटची जिनिंग. सकाळी मामू तिघाडा काढून पेटीत ठेवून आत गेला. अकराच्या सुमाराला फाटकावरचा चौकीदार पाणी प्यायला हलला, आणि मी पेटीत हात घातला. इथवर या गोष्टीत मी मीठमसाला बराच घातला, पण इथून पुढं एक कणही घालत नाही. घड्याळ मुठीत धरून मी आत गेलो. खिशात ठेवायची हिंमत नव्हती. हरवलं म्हटल्यावर झडती सगळ्यांचीच होणार. भिंतीजवळ पार टोकाला एक छोटा ढीग होता, तो उरलासुरला माल म्हणून झाडलोटीबरोबर उद्यावर टाकल्याचं मी मुकादमाकडून ऐकलं होतं. त्या ढिगात कोपरभर खोल घड्याळ खुपसलं आणि काट्यावर येऊन बसलो. संध्याकाळी काढून घेऊ. मामूला पाणबुडं मिळेल, तिघाडा हरवला म्हणून गवगवा होईल, आठ दिवसांत सगळे विसरतील.

अर्ध्या तासानं मालक आले आणि म्हणाले, “उद्यावर काहून ठेवता? तोही ढीग आजच काढा, एकदाचं होऊ द्या.”

मी आतल्या बाजूला पाहिलं तर बाया टोपल्या घेऊन भिंतीकडे निघालेल्या. मला धावत जाऊन ओरडायला हवं होतं. मशीनवर नऊ माणसं होती, खाली रुईचा ढीग होता. मी धावलो, ढिगापर्यंत पोचलो, आणि तिथं उभा राहिलो. तोंड उघडलं नाही. ओरडलो असतो तर मला कसं माहीत, हे सांगावं लागलं असतं.

मामू आला. शेवटचा हात. एका ठिकाणी घातला, काढला. दुसऱ्या ठिकाणी घातला, काढला. तिसऱ्या ठिकाणी खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे पाहिलं.

“भाचे,” अगदी हळू म्हणाला, “काही सांगाचं हाय?”

“नाही, मामू.”

तो तसाच वाकून राहिला. हात ढिगात, नजर माझ्यावर. बाया टोपल्या कमरेवर घेऊन उभ्या. मी माझ्या चपलेकडे पाहत होतो. मग त्यानं हात बाहेर काढला आणि घड्याळ सगळ्यांना दिसलं.

मालक धावत आले. “कोनाचं काम हे? मामू, कोनं आनलं आत?”

“माहंच हाय, मालक. काढाचं इसरलो. पडलं असन हातातून.”

“तुम्ही? चोवीस वर्षं लोकायची जोडवी काढली, अन् आज शेवटच्या दिवशी तुम्ही लोखंड आत आनलं?”

एक बाई खुदकन हसली. मग दुसरी. मामूनं मान खाली घातली. तो दात काही दिसला नाही. मी त्याचं एवढं चुकलेलं पाहायला एकवीस वर्षं वाट पाहिली होती, आणि ते असं मिळालं.

संध्याकाळी ऑफिसात मालकानं विचारलं, “बोला मामू, कोन्तं?”

“मले पाणबुडं द्या,” मामू म्हणाला. “हे भाच्याले.” आणि स्वतःच्या हातानं तिघाडा माझ्या मनगटावर बांधला. घरी येऊन दिव्याखाली पाहिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. मोठा काटा बाराच्या आकड्यावर उभा नव्हता. तो धावत होता. ढिगात हात असतानाच मामूनं बोटानं चाचपून बटण दाबलं होतं.

जिनिंग बंद झाल्यावर मामू पुसदला लेकीकडे राहायला गेला. काही वर्षांनी तिथल्या स्टँडवर भेटला. मनगटावर पाणबुडं. नमाजाआधी वजूला हातपाय धुताना काढून ठेवतो म्हणाला, म्हणजे त्या बिचाऱ्या घड्याळाला जन्मात पाणी लागलंच नाही. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं.

“चालूच हाय?”

“हो मामू. एक मिनिट मागं-पुढं नाही.”

“चालू दे,” तो म्हणाला आणि माझ्यासाठी चहा सांगितला. कप आले. कान असलेला त्यानं माझ्यापुढं सरकवला. मी तेव्हाही बोललो नाही. पुढच्या हिवाळ्यात तो गेल्याचं कळलं.

लोक मला सांगतात, झोपताना तरी घड्याळ काढत जा. काढत नाही. हाताच्या हालचालीवरच त्याला चावी बसते, काढून ठेवलं तर थांबेल, आणि थांबलं तर पुन्हा चालू करायचा हक्क माझा नाही. यवतमाळचा घड्याळजी म्हणाला, हा काटा उगाच चालू ठेवता, झिजते. म्हटलं, झिजू दे.

आज हे सगळं लिहून काढलं. म्हणजे बोललोच म्हणा ना. आत्ता बटण दाबलं. काटा थांबला. त्या तिघाड्याची एक खोड आहे, तासांची तबकडी बारापर्यंतच मोजते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. वर्षं तिला कळत नाहीत. त्यामुळं माझ्या गप्प बसण्याचा पक्का आकडा आला तो चार तास अठरा मिनिटं.

मामू असता तर म्हणाला असता, “लवकर बोलला, भाचे.” आणि पुन्हा सगळे त्याच्याच बाजूनं हसले असते.